सी-सॉ मधेच आडवा का थांबत नाही?

संध्याकाळी मुंबईतल्या कुठल्याही बागेत सी-सॉपाशी उभे राहा. धाकटी वर लटकलेली असते आणि दादा खाली बसून राहतो. दादाला उतरवू नका, फक्त पुढे सरकवा. किती, तेही मोजता येते. फळी 3 मीटरची आणि टेकू बरोबर मध्ये धरा. धाकटी 20 किलोची, बसली टोकाला, म्हणजे टेकूपासून दीड मीटरवर: 20 गुणिले 1.5, उत्तर 30. दादा 30 किलोचा असेल तर त्याची जागा 1 मीटरवर. 60 किलोच्या बाबांना अर्धाच मीटर. शाळेतला तरफेचा नियम तो हाच: वजन गुणिले अंतर दोन्हीकडे सारखे.

भुजा, म्हणजे टेकूपासूनचे अंतर, मात्र शरीराच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजायची, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे धरतात त्या बिंदूपर्यंत. धाकटी मागे रेलली आणि तिचा गुरुत्वमध्य 10 सेंटिमीटर बाहेर गेला, की 30 चे 32 होतात. दादाला जवळजवळ 7 सेंटिमीटर मागे सरकावे लागते.

एवढा हिशेब जुळवूनही फळी आडवी राहत नाही. जी बाजू जराशी खाली जाते, ती जातच राहते. खरी गंमत इथे आहे. मुले फळीच्या वर बसतात, त्यामुळे त्यांचा गुरुत्वमध्य टेकूच्या वर असतो. फळी कलली की खालच्याचे धड बाहेर झुकते, वरच्याचे टेकूकडे. गुरुत्वमध्य 25 सेंटिमीटर उंच आणि कल 15 अंशांचा असेल, तर दोघांचेही धड साधारण साडेसहा सेंटिमीटर सरकते. एकाची भुजा वाढते, दुसऱ्याची तेवढीच घटते. दोघांच्या मिळून 50 किलोंवर हा फरक सव्वातीनचा. धाकटी खाली असेल तर तिने जमिनीला सव्वादोन किलोंपेक्षा थोडा जास्त रेटा दिला, की फळी उलटते.

कोळणीच्या हातातला तराजू याच्या उलट वागतो. पारडी खाली लोंबतात म्हणून तो थांबतो, असा समज आहे; पण पारड्यांचा भार दांडीच्या टोकांवरच येतो. मधला टेकू त्या टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित वर असतो, म्हणून दांडी हेलकावत आडवी होते.

एखादा सी-सॉ मात्र आडवा थांबलेला दिसतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत टेकूचा पाइप गंजला की घर्षणच फळी धरून ठेवते. दोन्ही टोके आळीपाळीने हळूच दाबून पाहा. सारख्याच जोराने हलली तर वजने जुळली आहेत. एका बाजूला जास्त जोर लागला तर जुळलेली नाहीत, आणि टेकूला वंगण हवे आहे.