पर्जन्यमापक एक, वाचणारे अनेक: सामायिक सेन्सर-जाळ्यांची पार्श्वभूमी

कोकणात यंत्राने पाऊस मोजणे नवे नाही. १९९८मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागलेल्या कोकण रेल्वेने पुढे माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर पर्जन्यमापक बसवले, पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजायची सोय केली आणि काळ, सावित्री, वाशिष्ठी नद्यांवरच्या पुलांपाशी पुराचा इशारा देणारी यंत्रणा उभी केली. हेतू एकच, गाडी हळू चालवायची की थांबवायची. २०१७च्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय हवामान केंद्रे आली. त्यांच्या नोंदींवर आंबा-काजूचा विमा ठरतो. पाऊस तोच, पण ज्याचे त्याचे यंत्र वेगळे.

मुळात सेन्सर-जाळ्यांचा जन्मच असा झाला. संगणक भोवतालात विरून जाईल, ही कल्पना झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातील मार्क वायझर यांनी १९९१मध्ये मांडली. २००२मध्ये अमेरिकेतील ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांत बिनतारी सेन्सर ठेवले गेले. एक जाळे, एक काम, एक मालक.

वाटणीची सोय आली ती तेलवाहिन्यांवरून. १९९९मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर नजर ठेवणाऱ्या महागड्या उपग्रह जोडणीसाठी एमक्यूटीटी ही संदेश पाठवण्याची पद्धत बेतली. सेन्सर आपला आकडा मधल्या ब्रोकरकडे, म्हणजे संदेश घेऊन मागणाऱ्यांना वाटणाऱ्या संगणकाकडे, टाकतो; पुढे तो कोण वाचते याच्याशी त्याला देणेघेणे नसते. सेन्सरच्या नोंदी कशा मांडायच्या हे ठरवणाऱ्या २०१६च्या सेन्सरथिंग्ज मानकाने यंत्र, मोजलेला गुणधर्म आणि नोंदींचा प्रवाह वेगवेगळे नोंदवायची शिस्त घातली. माझ्या मते खरा टप्पा हाच, कारण आकडा पोचवणे सोपे असते. तो कशाचा, हे सांगणे कठीण.

उदाहरण टिपिंग बकेटचे, म्हणजे ठरावीक पाऊस साचला की कलून रिकामी होणारी छोटी बकेट असलेल्या आणि तिचे कलणे मोजणाऱ्या पर्जन्यमापकाचे. बिघडलेल्या ०.२ मिमीच्या (दर ०.२ मिमीला एकदा कलणाऱ्या) मापकाऐवजी ०.५ मिमीचा बसवला आणि नोंदवहीत बदल केला नाही, तर १०० मिमी पावसात बकेट २०० वेळा कलते आणि पडद्यावर ४० मिमी दिसतात. तपासणी सोपी आहे: २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या ०.५ मिमीच्या मापकात एक लिटर पाणी अगदी सावकाश सोडा, बकेट साधारण १०० वेळा कलली पाहिजे. त्याआधी नरसाळ्यातला पालापाचोळा काढा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही.

वेळेचाही घोळ होतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३०ला संपतो, संगणकाचा मध्यरात्री. रात्रभर कोसळला की दोघांच्या बेरजा जुळत नाहीत, आणि दोघेही बरोबर असतात.

ब्रोकरवर ‘रिटेन’ केलेला, म्हणजे नव्या वाचणाऱ्यासाठी राखून ठेवलेला शेवटचा संदेश तर फसवाच. जुलैत चार दिवस ऊन नाही, बॅटरी बसली, सेन्सर गप्प. तरी नव्याने जोडणाऱ्याला शेवटचा आकडा ताजा असल्यासारखा मिळतो. म्हणून यंत्राची जोडणी अचानक तुटली की ब्रोकरने सर्वांना कळवायचा ‘लास्ट विल’ संदेश लावून ठेवावा आणि वेळेचा शिक्का यंत्राने स्वतः मारावा. एकाच क्लायंट आयडीची (ब्रोकर यंत्राला ज्या नावाने ओळखतो त्या नावाची) दोन यंत्रे लागली तर ती एकमेकांना आळीपाळीने बाहेर ढकलत राहतात. मेमरी कार्डाची प्रत काढून दुसरे यंत्र उभे केले की हटकून असे होते.

सगळ्यात नाजूक बाब सेटिंगची, म्हणजे यंत्राने किती वेळाने आकडा पाठवायचा याची. विम्याला दिवसाची बेरीज पुरते, पूर कक्षाला दर दहा मिनिटांचा आकडा हवा. दोघांनाही आदेश देता आले तर शेवटी आलेला आदेश टिकतो. त्यात लोरावॅन या कमी विजेत दूरवर संदेश पाठवणाऱ्या बिनतारी जाळ्याचे ‘क्लास ए’ यंत्र स्वतः बोलल्यानंतरच क्षणभर ऐकते. ते तासातून एकदाच बोलायला ठेवले असेल तर पूर चढताना दिलेला आदेश तासभर ताटकळू शकतो. त्यामुळे वाचण्याची मुभा सर्वांना असली तरी आदेशाचा टॉपिक (संदेश ज्या नावाखाली पाठवतात तो) ब्रोकरवर एकाच खात्याला खुला ठेवतात, आणि पावसाळ्यापुरते दोन नोंदींमधले अंतर मे महिन्यातच कमी करून ठेवतात.