खान्देशातील उंच इमारती

खान्देशात उंच इमारत म्हटली की जळगाव महानगरपालिकेची सतरा मजली इमारत आठवते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या (२०१६) व्याख्येत मात्र १५ मीटर किंवा त्याहून उंच वास्तू ‘उंच इमारत’ ठरते, त्यामुळे जळगाव-धुळ्यातील अनेक अपार्टमेंटही यात मोडतात. या प्रदेशात अशा इमारतीची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हाचा विचार सांगाडा आखतानाच व्हायला हवा. नंतर एसी बसवून तो प्रश्न सुटत नाही, फक्त विजेचे बिल वाढते.

जळगाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून बसक्या घराचे छप्परच सर्वाधिक तापते. जुन्या धाब्याच्या घरांनी मातीच्या जाड थराने हा ताप अडवला. उंच इमारतीत गच्चीच्या मानाने भिंतींचे क्षेत्र कितीतरी मोठे असते आणि ऊन पूर्व-पश्चिमेकडून तिरपे आत शिरते. दक्षिणेला छज्जा पुरतो, पण पश्चिमेच्या कलत्या उन्हापुढे तो तोकडा पडतो. पश्चिमेला काचेची दर्शनी भिंत उभारणे ही खान्देशात सरळ चूक आहे.

त्यामुळे इमारत पूर्व-पश्चिम लांब आणि दक्षिण-उत्तर अरुंद ठेवणे हिताचे. मात्र अशी इमारत अरुंद दिशेने लवचीक होते. वारा आणि भूकंपाचे आडवे बल पेलायला त्या दिशेने काँक्रीटच्या अखंड भिंती, म्हणजे शिअर वॉल, लागतात. जिने, लिफ्ट आणि या भिंती पूर्व-पश्चिम टोकांना नेल्या की इमारतीला ताठपणा मिळतो आणि राहत्या खोल्यांना उन्हापासून आडही मिळतो. हे सारे एकाच टोकाला कोंबले तर भूकंपात इमारत पिळवटते, म्हणून दोन्ही टोकांचा तोल साधावा लागतो. आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात जळगाव भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात येते. त्यामुळे आयएस १३९२० या भूकंपरोधक सळईकामाच्या मानकाप्रमाणे कॉलमच्या लोखंडी रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवणे बंधनकारक आहे. साइटवर सर्वांत जास्त डोळ्यांत तेल घालून पाहावी अशी हीच गोष्ट.

येथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, कारण तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज असते. उंच इमारतीचा पाया ती ओलांडून मुरूम किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. तापीकाठी गाळाचा थर खोल असल्याने पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घालावे लागतात.

हवेचे तापमान ४० अंशांपुढे गेले की काँक्रीटला आयएस ७८६१ चे उष्ण हवामानाचे नियम लागू होतात: खडी सावलीत ठेवणे, गार पाणी वापरणे, पहाटे किंवा रात्री ओतकाम करणे आणि स्लॅबवर ओली पोती टाकणे. जाड राफ्टमध्ये, म्हणजे साऱ्या इमारतीखालच्या पायाच्या अखंड स्लॅबमध्ये, सिमेंटची स्वतःची उष्णताही साठते. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणची राख सिमेंटचा काही भाग वाचवते आणि ही उष्णता कमी करते. अशा काँक्रीटला सुरुवातीची ताकद मात्र उशिरा येते, म्हणून सेंट्रिंग लवकर काढण्याची घाई करू नये आणि पाणी मारणेही जास्त दिवस चालू ठेवावे.