विंटेज मनगटी घड्याळांचा संग्रह

जुनी मनगटी घड्याळं एखादा धागा धरून गोळा करणं, ती चालती ठेवणं आणि प्रत्येकाची माहिती जपणं, याला विंटेज घड्याळांचा संग्रह म्हणतात. किती जुनं झालं की विंटेज, याचा कुठे नियम नाही, साधारण पंचवीस-तीस वर्षांपलीकडचं असं बहुतेक जण धरतात, पण संग्राहकांचा खरा जीव अडकलेला असतो तो १९४० ते १९७५ च्या आसपासच्या चावीच्या आणि ऑटोमॅटिक (हात हलला की आपोआप चावी बसणाऱ्या) घड्याळांत. या छंदात सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं: मशीन दुरुस्त होतं, डायल (आकड्यांची तबकडी) आणि केस (बाहेरचं धातूचं कवच) एकदा गेली की गेली. काय घ्यायचं, काय सोडायचं, दुरुस्तीला देताना काय सांगायचं, हे सगळं तिथूनच ठरतं.

थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कारण घड्याळाचं वय ओळखायला तोच कामाला येतो. पहिल्या महायुद्धाआधी पुरुष खिशातलं घड्याळ वापरायचे आणि मनगटावरचं म्हणजे बायकांचा दागिना समजलं जायचं. कार्टिएनं १९०४ मध्ये विमान उडवणाऱ्या आल्बेर्तो सांतोस-द्युमाँसाठी मनगटावर बघता येईल असं घड्याळ बनवलं खरं, पण सगळ्यांना सवय लागली ती खंदकात लढून घरी आलेल्या सैनिकांमुळे. मग १९२६ मध्ये रोलेक्सची पाणी न शिरणारी ऑयस्टर केस आली, त्याच दशकात जॉन हारवुडचं ऑटोमॅटिक आलं, तिसाच्या दशकात धक्का बसला तरी बॅलन्सची, म्हणजे मागे-पुढे झुलत वेळ मोजणाऱ्या चाकाची, बारीक टोकं तुटू न देणारं इंकाब्लॉक आलं. आणि १९६९ हे वर्ष तर पाठच करावं असं आहे: झेनिथचं एल प्रिमेरो, ह्यूअर-ब्राइटलिंग-हॅमिल्टन गटाचं कॅलिबर ११ आणि सेइकोचं ६१३९ ही तिन्ही ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेली) मशीनं त्याच वर्षी आली, आणि २५ डिसेंबरला सेइकोनंच ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ (बॅटरीवर, स्फटिकाच्या कंपनांनी चालणारं) मनगटी घड्याळ विक्रीला काढलं. पुढच्या पंधरा-एक वर्षांत क्वार्ट्झनं स्वित्झर्लंडमधले कितीतरी चांगले कारखाने बंद पाडले. संग्राहकाला त्याचा आज एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे बंद पडलेल्या ब्रँडना आता जाहिरात करणारं कुणी उरलं नाही, पण त्यांच्या केसच्या आत मशीन मात्र तोलामोलाचं सापडतं. त्या काळी बरेच ब्रँड स्वतः मशीन बनवतच नव्हते, वाल्जू, व्हीनस, लँडेरॉन, ए. शिल्ड अशा कारखान्यांकडून घेऊन आपल्या केसमध्ये बसवायचे. रोलेक्सच्या सुरुवातीच्या चावीच्या डेटोनात जे वाल्जू ७२ च्या घराण्यातलं मशीन आहे तेच ह्यूअरच्या कॅरेरातही आहे, आणि आज फार कुणाला नावही आठवत नाही अशा कितीतरी क्रोनोग्राफमध्येही आहे. नवख्या माणसानं नावामागे धावण्यापेक्षा मशीनची ओळख आधी करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

दिसेल ते घेत गेलं की ढीग होतो, संग्रह होत नाही, त्यामुळे धागा लागतोच. कुणी एकच कंपनी धरतो, कुणी फक्त क्रोनोग्राफ, कुणी फक्त डायव्हर (पाणबुड्यांसाठीची), कुणी एखादं दशक. सैन्याची घड्याळं हा फार सुंदर धागा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिश सैन्यासाठी बारा कंपन्यांनी एकाच नमुन्याची घड्याळं बनवली, काळी डायल, खाली छोटा सेकंदकाटा, मागे सरकारी बाणाची खूण, संग्राहक त्यांना डर्टी डझन म्हणतात. ब्युरेन, सायमा, एटर्ना, ग्राना, आयडब्ल्यूसी, जेजर-लकूल्त्र, लेमानिया, लाँजीन, ओमेगा, रेकॉर्ड, टिमोर, व्हर्टेक्स, आणि यातलं ग्राना मिळणं सगळ्यात अवघड, बारा पूर्ण करता करता माणसाची वर्षं जातात. बुलोवाचं ॲक्युट्रॉन हाही वेगळा रस्ता आहे. १९६० मध्ये आलेल्या या घड्याळात बॅलन्सऐवजी सेकंदाला ३६० वेळा थरथरणारा ट्यूनिंग फोर्क (नादकाटा) आहे, कानाला लावलं तर टिकटिक नाही, बारीक गुणगुण ऐकू येते. फक्त ते मूळ पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनलेलं, तिचा व्होल्टेज आजच्या सिल्व्हर ऑक्साइड बॅटरीपेक्षा कमी होता, म्हणून ते नीट समजणाऱ्या माणसाकडूनच जुळवून घ्यावं लागतं.

सुरुवातीला साठ-सत्तरच्या दशकातलं सेइको घ्यावं, शिकायला त्याच्यासारखं दुसरं नाही. मागच्या झाकणावर मशीनचा आणि केसचा नंबर असतो, उदाहरणार्थ ६१३९-६००२, आणि शेजारी सीरियल नंबर, ज्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना. म्हणजे ७३ नं सुरू होत असेल तर ७ नं संपणारं वर्ष, मार्च महिना. दशक त्यात नसतं, ते मॉडेल कधीपासून कधीपर्यंत बनत होतं यावरून काढायचं, ६१३९ आलंच १९६९ मध्ये, तेव्हा १९६७ असूच शकत नाही, १९७७ च धरायचं. डायलच्या खालच्या कडेलाही बारीक कोड छापलेला असतो, तो झाकणावरच्या नंबरशी ताडून बघितला की डायल त्याच केसची आहे का याचा अंदाज येतो.

घड्याळ हातात आलं की भिंग लावून आधी डायल बघायची. रंग काढून नव्यानं छापलेली डायल संग्राहक जवळजवळ बादच धरतात, आणि ती ओळखता येते: अक्षरं जाड किंवा वाकडी, मिनिटांच्या रेघा खुणांशी जुळत नाहीत, सहाच्या खाली जिथे स्विस मेड असायला हवं तिथे काहीच नाही, छोट्या सेकंदाच्या गोलातल्या रेघा एकसारख्या अंतरावर नाहीत. साठ वर्षांचं घड्याळ आणि डायल काल छापल्यासारखी पांढरीशुभ्र, तर आनंद व्हायच्या ऐवजी शंका यायला हवी. याउलट मुळातच असलेली, उन्हानं काळ्याची चॉकलेटी झालेली डायल लोक मुद्दाम शोधतात, तिला ट्रॉपिकल म्हणतात. डाग आणि ओल लागून कुजलेली डायल मात्र ट्रॉपिकल नाही, विकणारा काहीही म्हणो.

अंधारात चमकणाऱ्या खुणांकडे जास्त वेळ द्यावा लागतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम वापरत, नंतर ट्रिटियम (दोन्ही किरणोत्सर्गी), आणि नव्वदच्या दशकापासून सुपर-ल्युमिनोव्हा (उजेड शोषून चमकणारा, किरणोत्सर्गी नसलेला पदार्थ). ट्रिटियमचं अर्धआयुष्य १२.३ वर्षं, म्हणजे १९६५ च्या घड्याळात आता तीसावा हिस्साही धड उरलेला नाही, ते रात्रभर चमकत असेल तर कुणीतरी नवीन पदार्थ भरलाय. काटे चमकतात आणि डायल नाही, किंवा दोघांचा पिवळेपणा वेगळा, तर काटे बदललेत का ते तपासायचं. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, त्यातला चमकणारा झिंक सल्फाइड मरतो पण रेडियम तसाच राहतो, म्हणून काळवंडलेली खूण म्हणजे धोका गेला असं अजिबात नाही. असं घड्याळ घरी उघडू नये, खुणा खरवडू नयेत, त्याची पूड श्वासात जाणं हाच खरा धोका आहे.

केसचं दुखणं म्हणजे पॉलिश. कारखान्यातून निघाली तेव्हा लगच्या (पट्टा बसवायच्या शिंगांच्या) कडा धारदार असतात, चकचकीत आणि रेघारेघांचा भाग वेगवेगळा दिसतो, दर दुरुस्तीला पॉलिश करत गेलं की सगळं गोलमटोल होतं आणि गेलेला धातू परत येत नाही. ओरखडे असलेली पण कडा शाबूत असलेली केस चकचकीत केसपेक्षा कधीही चांगली. मागे फक्त स्टेनलेस स्टील बॅक लिहिलं असेल तर बहुतेक वेळा झाकणच तेवढं स्टीलचं, बाकी केस पितळेसारख्या धातूची आणि वर मुलामा, तो लगच्या आतल्या बाजूला आणि चावीजवळ आधी उडतो.

अनेक घड्याळांचे भाग जोडून केलेल्याला फ्रँकन म्हणतात, आणि हे फक्त स्वस्तात होतं असं समजू नये. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचं पहिल्या पिढीतलं एक स्पीडमास्टर तीस लाख स्विस फ्रँकांवर गेलं, आणि २०२३ मध्ये कंपनीनंच सांगितलं की ते वेगवेगळे भाग जोडून तयार केलेलं होतं आणि त्यात तिच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. जिथे एवढे जाणकार फसतात तिथे आतल्या मशीनचा फोटो बघितल्याशिवाय साधं घड्याळसुद्धा घेऊ नये, आणि विकणारा झाकण उघडायला तयार नसेल तर सरळ सोडून द्यावं.

मशीनची तब्येत टाइमग्राफर या टिकटिक ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर कळते, दिवसाला किती सेकंद पुढे-मागे आणि बॅलन्स किती अंश झुलतोय. पूर्ण चावी दिल्यावर २७० च्या पुढे झोका असेल तर उत्तम, २०० च्या खाली असेल तर बहुतेक तेल सुकलंय, आणि सुकलेल्या तेलावर चालवत राहिलं की चाकांचे दांडे झिजतात, म्हणून नुसतं चालतंय म्हणजे बरं आहे असं धरू नये. सर्व्हिसिंगला देताना घड्याळजीला स्पष्ट सांगायचं, शक्यतो लिहूनच द्यायचं: केस पॉलिश करू नका, डायल आणि काटे बदलू नका, जो भाग बदलाल तो जुना परत द्या.

वापरताना सांभाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. जुन्या घड्याळावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी पाण्यापासून लांबच ठेवायचं, कारण आतलं रबर कधीच कडक झालेलं असतं. रात्री नऊ ते पहाटे तीन काटे असताना तारीख बदलायची नाही, तेव्हा तारखेचे दाते गुंतलेले असतात. अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं तर आधी चुंबकत्व तपासायचं, ते काढणं एका मिनिटाचं काम आहे. ठेवायची जागा कोरडी हवी.

आणि नोंद ठेवायची, हे फार लोक करत नाहीत याचं मला वाईट वाटतं. केसचा नंबर, मशीनचा नंबर, घेतलं तेव्हाचे फोटो, कुणी कधी काय दुरुस्त केलं, आधी ते कुणाचं होतं, झाकणावर कुणाचं नाव किंवा तारीख कोरलेली असेल तर तीसुद्धा. काही कंपन्यांकडे जुन्या वह्या आहेत, लाँजीनकडे तर विचारलं की घड्याळ कोणत्या तारखेला कोणाकडे पाठवलं ते सीरियल नंबरवरून काढून देतात. असा कागद आला की तो घड्याळाच्या फाइलला लावायचा, आणि विकताना किंवा पुढच्या पिढीला देताना फाइल घड्याळाबरोबरच द्यायची.