चार्टर्ड इंजिनिअर की परवानाधारक इंजिनिअर: कोणाचा शिक्का कुठे चालतो?

जुळे सोलापुरात प्लॉट घेतला की पहिली धावपळ नकाशा मंजूर करून घेण्याची. तेव्हा हमखास कुणीतरी सांगतं, "आमच्या ओळखीचे चार्टर्ड इंजिनिअर आहेत, त्यांचा शिक्का आणला की झालं." तेवढ्याने काही होत नाही. महापालिकेला सही हवी असते ती परवानाधारक इंजिनिअरची किंवा आर्किटेक्टची.

घोळाचं मूळ असं, की वकिलांसाठी १९६१चा आणि आर्किटेक्टसाठी १९७२चा कायदा आहे, इंजिनिअरांसाठी देशपातळीवर तसा कायदाच नाही. अमेरिकेत परीक्षा, मग काही वर्षांचा अनुभव, मग पुन्हा परीक्षा, तेव्हा कुठे राज्याचं लायसन्स मिळतं. इथे बी.ई.चा निकाल लागला की पाटी लावायला कुणाची आडकाठी नाही.

चार्टर्ड ही ओळख देते इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही कोलकात्याची संस्था. स्थापना १९२०ची, रॉयल चार्टर, म्हणजे ब्रिटिश राजाची सनद, १९३५चं. इंजिनिअरिंगची शाखा कुठलीही असो, संस्थेचं कॉर्पोरेट सभासदत्व (म्हणजे इंजिनिअर म्हणून पूर्ण दर्जाचं; कंपनीशी त्याचा संबंध नाही) मिळालेल्याला हा दाखला मिळू शकतो. सोलापुरात त्याची खरी किंमत कळते ती टॉवेलवाल्या कारखानदारांना. परदेशातून जुने रेपियर लूम (धोट्याशिवाय चालणारे यंत्रमाग) आणायचे तर ते कोणत्या वर्षी बनले, आज कसल्या अवस्थेत आहेत, अजून किती वर्षं चालतील आणि किंमत काय, हे चार्टर्ड इंजिनिअरने लिहून द्यावं लागतं. निर्यातीची हमी देऊन सीमाशुल्काच्या सवलतीत यंत्र आणलं असेल, तर ते कारखान्यात बसवल्याचा दाखलाही स्वतंत्र चार्टर्ड इंजिनिअरचा चालतो. तिथे महापालिकेचा परवाना दाखवून उपयोग नाही.

परवान्याचं काम वेगळं. २०२०च्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार तो मिळतो सिव्हिलवाल्यांना: पदवी, पदविका किंवा वरच्याच संस्थेचं सिव्हिलमधलं कॉर्पोरेट सभासदत्व. म्हणजे सभासदत्व ही परवान्यासाठी एक पात्रता झाली; अर्ज आणि शुल्क सुटत नाही, मुदत संपली की नूतनीकरणही आलं. आर्किटेक्ट मात्र त्यांच्या देशपातळीवरच्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदलेला असला की त्याला वेगळा परवाना लागत नाही. (यावर सिव्हिलवाल्यांची कुरकुर जुनीच आहे.)

परवानाधारक नुसता नकाशा देऊन मोकळा होत नाही. काम सुरू झाल्याची सूचना, जोत्याची तपासणी, पूर्णत्वाचा दाखला, सगळीकडे त्याची सही. मध्येच काम सोडलं तर तेही महापालिकेला कळवायचं. इमारतीच्या मजबुतीचा हिशोब करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची पात्रता पुन्हा वेगळी. आणि आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा पायाचं डिझाइन त्याच्याकडूनच करून घ्यावं, शेजाऱ्याचा बघून नाही.

नुकत्याच पास झालेल्या सिव्हिलच्या पोरांनी आधी परवान्याचं बघावं, मेकॅनिकल-टेक्स्टाइलवाल्यांनी सभासदत्वाचं. एकाच माणसाकडे दोन्ही असू शकतात. घर बांधणाऱ्याने ॲडव्हान्स देण्याआधी परवान्याचा क्रमांक आणि मुदत विचारून घ्यावी.