जुन्या मोटारींसाठी सिंथेटिक इंजिन ऑइलची निवड

कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या) काळातील मोटारींत खनिज तेलाऐवजी सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेले) तेल वापरताना त्याचा ग्रेड (दाटपणाचे आकडे), प्रतवारी (गुणवत्तेचा दर्जा) आणि बदलाचा क्रम ठरवणे, हा इथला विषय. प्रीमियर पद्मिनी, जुनी अ‍ॅम्बेसेडर, मारुती ८०० यांसारख्या गाड्या जपणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. डब्यावरचा ‘सिंथेटिक’ हा शब्द या निवडीत सर्वांत शेवटी पाहावा.

पहिला विचार ग्रेडचा. ‘२०डब्ल्यू-५०’मधील पहिला आकडा थंडीतला पातळपणा दाखवतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला उरणारा दाटपणा. २०डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांना होते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या हिवाळ्यासाठी ०डब्ल्यूची गरज नाही. पहिला आकडा लहान असला तर सकाळी सुरू करताना तेल टॅपेटपर्यंत (व्हॉल्व्हला हालचाल पोहोचवणाऱ्या भागापर्यंत) लवकर पोहोचते, एवढा फायदा मात्र खरा. दुसरा आकडा कंपनीच्या हँडबुकापेक्षा कमी करू नये. जुन्या इंजिनात बेअरिंगच्या फटी मोठ्या झालेल्या असतात. त्यात ३० किंवा २० ग्रेड भरला की गरम इंजिन आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू) असताना ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकू लागतो. मारुती ८०० ला १५डब्ल्यू-४०, तर पद्मिनी व अ‍ॅम्बेसेडरच्या पुशरॉड (दांड्यांनी ढकलून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) इंजिनांना १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० चांगले मानवते.

दुसरा मुद्दा झिंकचा, आणि तो फार वेळा दुर्लक्षित राहतो. पुशरॉड इंजिनात कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावरचा) उंचवटा सपाट टॅपेटवर घासत फिरतो. तिथे धातूला धातू चिकटू न देणारा थर झिंक व फॉस्फरस असलेले रसायन तयार करते. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) निकामी होतो, म्हणून एपीआय या अमेरिकी संस्थेच्या नव्या प्रतवाऱ्यांमध्ये ३० आणि त्याहून पातळ ग्रेडना फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. ४० व ५० ग्रेडना ती लागू नाही. भारतात चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर १९९५ पासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाडीत फॉस्फरस वाचवण्याचे कारणच नाही. सपाट टॅपेटसाठी ०.१० ते ०.१२ टक्के फॉस्फरस असलेले तेल घ्यावे. हा आकडा डब्यावर क्वचितच छापतात, उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकात तो पाहावा. झिंकची वेगळी बाटली अंदाजाने ओतणे टाळावे. प्रमाण फार वाढले तर उलट झीज होऊ शकते.

सिंथेटिकमुळे गळती सुरू होते, हा समज अर्धाच खरा. १९७० च्या दशकातील काही सिंथेटिक तेलांत रबर आक्रसत असे. आजच्या तेलांत सील फुगवणारे घटक मिसळून तो तोल सांभाळलेला असतो. पण कडक झालेल्या ऑइल सीलची फट वर्षानुवर्षांच्या गाळाने बुजलेली असेल, तर नव्या तेलातले डिटर्जंट तो गाळ धुऊन काढतात आणि मूळची गळती उघडी पडते. म्हणून आधी टॅपेट कव्हरचे पॅकिंग, क्रँकचे पुढचे-मागचे सील आणि चेंबरचे (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचे) पॅकिंग तपासावे. ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबला असेल तर नवे सीलही टिकत नाही.

टॅपेट कव्हर उघडल्यावर आत काळा, जाड गाळ दिसला तर फ्लशिंगच्या (इंजिन आतून द्रवाने धुण्याच्या) फंदात पडू नये. सुटलेले तुकडे पंपाच्या जाळीत अडकले तर बेअरिंग जातात. इंजिन गरम असताना तेल पूर्ण काढावे, ड्रेन नटचा वॉशर व फिल्टर बदलावा, ठरलेला ग्रेड भरावा आणि पहिले तेल १,५०० किलोमीटरलाच काढावे. तेल फार काळे निघाले तर तेवढाच आणखी एक फेरा. खनिज व सिंथेटिक तेल एकत्र मिसळले तरी दही होत नाही. थोडे जुने तेल आत राहिले म्हणून बिघडत नाही.

हजार किलोमीटरला लिटरभर तेल जळत असेल तर सिंथेटिकवर पैसे घालू नयेत. सुरू करतानाच निळा धूर येत असेल तर व्हॉल्व्ह सील, चढावर जोर देताना येत असेल तर पिस्टनच्या रिंगा पाहाव्यात.

डब्यावर १०,००० किलोमीटर लिहिलेले असले तरी कार्ब्युरेटरच्या गाडीत ५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा तेल बदलावे. चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी कळ) ओढून केलेल्या छोट्या फेऱ्यांत पेट्रोल तेलात उतरते. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर बहुधा इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) फाटलेला असतो. तो बदलेपर्यंत नवे तेल भरू नये.