गुडघ्याच्या संमतीपत्रामागचा इतिहास

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं की आपल्याकडे ‘वाट्या बदलल्या’ म्हणतात, पण खरी वाटी पुष्कळदा जागेवरच राहते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं कापून त्यांवर धातू बसवतात, मध्ये पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकची चकती.

आत्याच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतीपत्र आलं. त्यात धोक्यांची यादी: जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, सांधा सैल होणे, गुडघा आखडणे. चष्मा पुसत ती म्हणाली, “हे सगळं मलाच व्हायचंय का?”

ही यादी शंभराहून जास्त वर्षांत जमलेली आहे. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या सर्जनने क्षयाने किडलेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. सुरुवातीला बरं वाटलं, पण जंतू आतच होते आणि सांधा टिकला नाही. जंतुसंसर्ग असलेल्या सांध्यात कृत्रिम सांधा घालू नये, हा धडा तिथलाच. आजही ऑपरेशनआधी साखर, लघवी आणि किडका दात तपासतात तो याच धास्तीने. कारण धातूवर जंतूंचा चिकट थर बसला की अँटिबायोटिक तिथवर नीट पोचत नाही. मग कधी सांधाच काढावा लागतो, सांधा हाडाला चिकटवायचं सिमेंट औषध मिसळून काही आठवडे तिथे ठेवायचं आणि पुन्हा नवा सांधा. शंभरात एक-दोघांना होणारी, पण सगळ्यांत पिडणारी गुंतागुंत ही.

‘सैल होणे’ आलं १९५०च्या दशकातल्या धातूच्या बिजागऱ्यांतून. गुडघा म्हणजे दार नव्हे. वाकताना तो घरंगळतो, सरकतो, थोडा वळतोही. बिजागरीला एकच हालचाल ठाऊक, उरलेला ताण हाडात रोवलेल्या दांड्यावर. दांडे हलू लागले. १९६८मध्ये इंग्लंडच्या रायटिंग्टनला फ्रँक गन्स्टन यांनी बिजागरी सोडून सिमेंटने बसवलेला सांधा वापरला. १९७४च्या सुमारास न्यूयॉर्कला आजच्या सांध्याचा पूर्वज तयार झाला. त्यामागे जॉन इन्सॉल यांच्यासोबत चित्तरंजन राणावतही होते. २००० आणि २००१मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत वाजपेयींचे गुडघे बदलणारे तेच.

पुढचा घोळ चकतीचा. हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं पॉलिइथिलीन काळानुसार ठिसूळ व्हायचं, त्याचे कण झडायचे, आणि त्या कणांवर तुटून पडलेलं शरीर शेजारचं हाड पोखरायचं. निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलली, चकती टिकाऊ झाली. असे दोष हाती लागायला कोणता सांधा किती टिकला याच्या नोंदी लागतात. स्वीडनने त्या देशपातळीवर १९७५पासूनच ठेवल्या.

गुठळी टाळण्याचा उपाय आत्याला ऑपरेशनच्या रात्रीपासूनच करावा लागला: दर तासाला पंजा वर-खाली, वर-खाली, शिवाय रक्त पातळ करणारं औषध, आणि दुसऱ्या दिवशी वॉकर.

आता तिचा गुडघा ११० अंश वाकतो. जिना चढते, देवळात जाते. कीर्तनाला मात्र खुर्ची लागते, मांडी घालता येत नाही. त्या कागदावर ही ओळ नव्हती.