'लिटरली'ची पार्श्वभूमी, आणि आपला 'अक्षरशः'

मे महिन्यात दुपारी दोनला आपल्या सोलापुरात पार्क चौकात थांबलं की कुणी ना कुणी म्हणतंच, 'लिटरली भाजून निघालो लगा.' मग कुणीतरी जाणकार टोकतो की हे चुकीचं इंग्लिश आहे, लिटरली म्हणजे खरोखर तसंच घडलेलं. हा वाद आपल्याकडं पोरांच्या मोबाईलमुळं आला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये.

मूळ लॅटिन शब्द लिटेरा, म्हणजे अक्षर. त्यातला लिटरल इंग्रजीत आधी आला तो बायबलच्या अर्थासाठी, ओळीत लिहिलंय तेवढंच धरायचं का त्यामागचं रूपक बघायचं, या भानगडीत. लिटरली हे क्रियाविशेषण त्यातनंच आलं.

खरा गोंधळ 2013 च्या ऑगस्टमधला. इंग्रजीतल्या सगळ्यात मोठ्या शब्दकोशानं 'जोर देण्यासाठी, शब्दशः खरं नसतानाही' हा वापर नोंदवलाय हे लोकांच्या लक्षात आलं आणि भाषा मेली म्हणून पेपरांत आरडाओरड सुरू झाली. गंमत अशी की ती नोंद 2011 मध्येच झालेली, दोन वर्षं कुणी बघितलंच नव्हतं, आणि अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या शब्दकोशानं तर 1909 मध्येच लिहून ठेवलेलं की हा शब्द अतिशयोक्तीसाठी वापरतात. 1769 च्या एका इंग्रजी कादंबरीतसुद्धा तो तसा सापडतो. मला विचाराल तर कोशवाल्यांनी बरोबरच केलं, लोक जे बोलतात ते टिपून ठेवणं हेच त्यांचं काम, बोलायची परवानगी देणं नाही. आणि जे चिडले ते रोज 'व्हेरी' म्हणतातच की, त्याचाही मूळ अर्थ 'खरा' असाच होता, आता नुसता 'खूप' उरलाय आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

आपल्या अक्षरशःचं पण हेच झालं. अक्षराला संस्कृतातला शस् प्रत्यय लागला, जसं क्रमशः, शब्दशः. म्हणजे एकेक अक्षर धरून. 'उत्तर अक्षरशः उतरवून काढलं' हा सरळ वापर, पण 'अक्षरशः रडकुंडीला आलो', 'बाजारात अक्षरशः मुंगी शिरायला जागा नव्हती' हे आपण कधीपासून म्हणतोय, तेव्हा कुणी मास्तरांनी लाल शाई मारली नाही. म्हणून लिटरलीवर राग काढणाऱ्यांचं मला पटत नाही. वाईट याचं वाटतं की त्याच्यामुळं इतका नेमका अक्षरशः तोंडातनं चाललाय.

सोलापुरात तर हा शब्द तिन्ही भाषांत आहे. कन्नडमध्ये अक्षरशःच म्हणतात, आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'अक्षराला', जो जोर द्यायलाही चालतो आणि कागदावर रकमेच्या आधी पण लिहितात. आपल्या पावतीवर 'अक्षरी रुपये' असतं तसंच. तिथं मात्र अतिशयोक्तीला जागा नाही, चेकवर आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत तर 1881 चा कायदा सांगतो की अक्षरात लिहिलेली रक्कमच धरायची.